एक दिवस बिघडला म्हणून

काही दिवस असे उगवतात की काल सहज जमलेले काम आज हाती लागत नाही. खडू तोच, फळा तोच, मुलेही तीच; पण धडा काही रंगत नाही. स्वयंपाकघरात सुगरणीची पोळीही अशा दिवशी फाटते. अशा दिवसाचे करावे काय, याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्यासाठी वाचकांना थोडा वेळ अमेरिकेत घेऊन जावयाचे आहे.

आपला मल्लखांब आता तिकडे पोचला आहे, हे आपल्या बेटावरील पुष्कळांना ठाऊक नसेल. न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबे बरीच आहेत. तेथे मल्लखांब फेडरेशन यूएसए ही संस्था हा खेळ शिकविते. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली, तीत अमेरिकेचे खेळाडूही उतरले होते. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे जीवन दिले, ती आज सातासमुद्रांपलीकडे गेली, याचा आनंद कोणा मराठी माणसास होणार नाही? अमेरिकेत याच जातीचा आणखी एक व्यायाम चालतो. धातूच्या गुळगुळीत खांबावर चढून कसरती करावयाच्या, त्याला पोल फिटनेस म्हणतात. खांब निराळे, पण शिकणाऱ्याची अडचण दोन्हीकडे एकच: काल बसलेली पकड आज सुटते.

यात गूढ असे काही नाही. खांबावर माणूस टिकतो तो कातडी आणि खांब यांच्या घर्षणावर. मल्लखांबाला एरंडेल लावतात. ते कमीजास्त झाले, तळहाताला घाम आला, तर अढी घसरते. धातूचा खांब थंडीत गार पडला, किंवा अंगाला मलम चोळलेले असले, तर तोही धरवत नाही. त्यात रात्रीची झोप अपुरी, पोटात अन्न नाही, आदल्या दिवसाची मेहनत अजून अंगात, म्हणजे मग झालेच. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे तर हातपाय भराभर लांबतात, आणि जमलेले आसन काही काळ हरवल्यासारखे होते. खांब हा असा मल्ल आहे की जो स्वतः कधी डाव टाकीत नाही. पाडतो तो आपलाच थकवा. आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीत पडणे म्हणजे परीक्षेत दोन गुण कमी पडणे नव्हे.

अशा वेळी आपण मोठी माणसे काय म्हणतो? "मन घट्ट कर, आणखी एकदा कर." अमेरिकाही पूर्वी हेच म्हणत असे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रग ही अठरा वर्षांची मुलगी व्हॉल्टच्या पहिल्या उडीत पडली आणि तिचा घोटा दुखावला. तशाच पायाने तिने दुसरी उडी मारली, एका पायावर तोल सावरला आणि मग खाली कोसळली. देशाला सुवर्णपदक मिळाले, साऱ्या जगाने टाळ्या वाजविल्या. पुढे हिशेब केला तेव्हा दिसले की ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण अमेरिकेचेच होते. उडी मारताना हे कोणाला ठाऊक नव्हते, हे खरे. पण घोट्याचे स्नायुबंध फाटले आणि स्ट्रगला वैयक्तिक स्पर्धांना मुकावे लागले, हेही तितकेच खरे.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २७ जुलै २०२१ रोजी टोकियोत सिमोन बाइल्स व्हॉल्टवर आली. २०१६ साली रिओत चार सुवर्णपदके मिळविलेली ही खेळाडू. अडीच गिरक्या घ्यावयाच्या होत्या, दीडच घेतल्या गेल्या. हवेत असताना आपण कोठे आहोत हेच तिला कळेनासे झाले. ती थांबली. अंगात गरम कपडे चढवून बाजूला उभी राहिली आणि मैत्रिणींसाठी टाळ्या वाजवू लागली. संघाला रौप्यपदक मिळाले. तिच्यावर भित्रेपणाचा आरोप करणारेही पुष्कळ निघाले. पण ३ ऑगस्टला ती बॅलन्स बीमवर परत आली. खाली उतरतानाची गिरकीची उडी वगळून तिने बिनगिरकीची घेतली आणि कांस्यपदक मिळविले. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्ण व एक रौप्य जिंकले. त्यातही ५ ऑगस्टला ती बीमवरून पडून पाचवी आली आणि त्याच दिवशी फ्लोअरवर रौप्यपदक घेऊन गेली. बिघडलेला दिवस तिलाही पुन्हा आला. पण त्या दिवसाला तिने आयुष्य बिघडवू दिले नाही.

कोणी म्हणेल, आज नको म्हटले तर मूल उद्याही नकोच म्हणेल. ही शंका रास्त आहे, आणि आळस व बिघडलेला दिवस यांतला फरक ओळखता आला पाहिजे. आमच्या मते त्याची परीक्षा सोपी आहे. अवघड ते बाजूला ठेवून सोपे सांगून पाहावे: सूर्यनमस्कार घाल, सलामी दे, साधी अढी घालून नीट खाली उतर. आळशी मूल तेही टाळते. दमलेले मूल ते मुकाट्याने करते, आणि पुष्कळदा करता करता सावरते. म्हणजे खांबाशी नाते तुटत नाही आणि हाडही मोडत नाही. असे दिवस आठवडा-दोन आठवडे लांबले, तर मात्र झोप, जेवण, दुखणे, मनातली भीती यांची चौकशी करावी. गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. ओरडून यांतले काहीच बरे होत नाही.

हे आम्ही शहाणपण शिकविण्यासाठी लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका हुशार मुलीला एक दिवस पाठ केलेले काही आठवेना. आम्ही तिला तास संपेपर्यंत उभे ठेवले. दुपारी कळले की आजी आजारी असल्याने ती रात्रभर जागी होती. तिने ते आम्हांला सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. त्यानंतर ती वर्गात चुकण्याऐवजी गप्प बसू लागली. शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्ही बरेच काही शिकलो होतो, पण हा धडा त्या मुलीकडून शिकलो, आणि त्याची किंमत तिने दिली.

आपल्या घरांत सहावीच्या परीक्षेचे वर्ष आले की शाळा, शिकवणी, पुन्हा शिकवणी असा फेरा सुरू होतो. मुलाचा एक दिवस बिघडला की घरभर दुखवटा! मूल मग बिघडलेला दिवस लपवू लागते. दुखणे लपविते, भीती लपविते. खांबावर अशी लपवाछपवी झाली की अपघात होतो. पुस्तकापुढे होतो त्याला अपघात म्हणत नाहीत, एवढाच फरक.

झाकरीच्या फेऱ्यात कोणी दमला तर तो बाजूला होऊन टाळ्या वाजवितो आणि दम आला की परत फेऱ्यात शिरतो. त्याला कोणी घरी जा म्हणत नाही. आपल्या मुलांनाही एवढी जागा द्यावी. आज संध्याकाळी मूल तोंड उतरवून घरी आले, तर आधी गुण विचारू नयेत. जेवलास का, झोप झाली का, हे विचारावे.