मालाचा ऐब आणि कोर्टाचे कुलूप

अमेरिकेत पुष्कळ लोक निवृत्तीनंतर जमवलेली पुंजी घालून मोटार-होम घेतात. बसएवढी ही गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. आत बिछाना, चूल, न्हाणीघर सारे असते. भर वेगात तिचा पुढचा टायर फुटला, तर एका क्षणात सारे कुटुंब संकटात सापडते. म्हणून गुडइयर कंपनीच्या जी-159 टायरची हकिकत आमच्या व्यापारी बांधवांनी समजून घ्यावी.

हा टायर 1996 ते 2003 या काळात तयार झाला. अपघातग्रस्तांचे म्हणणे असे की, तो शहरात माल पोहोचवणाऱ्या ट्रकांसाठी होता. जड मोटार-होमखाली महामार्गावर तो तापतो आणि त्याचा वरचा थर सुटतो. दावे झाले, तडजोडी झाल्या आणि बरेचसे कागद कोर्टाच्या गुप्ततेच्या हुकमाखाली कुलूपबंद राहिले. 2003 च्या एका अपघाताच्या खटल्यात तर टायर किती तापतो, याच्या चाचण्यांचे निकाल वादींना दिलेच गेले नाहीत. तडजोड झाल्यावर ते दुसऱ्या खटल्यातून बाहेर आले. खालच्या कोर्टाने कंपनी व तिच्या वकिलांवर 27 लाख डॉलरचा भुर्दंड बसवला. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या रकमेचा हिशेब पुन्हा करण्यास सांगितले.

त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारच्या रस्ता-सुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली. या टायरमुळे 8 जण मेले व 69 जखमी झाले, असा खात्याचा हिशेब. जून 2022 मध्ये कंपनीने सुमारे 1,73,000 टायर परत बोलावले. तेव्हा टायर बनणे बंद होऊन 19 वर्षे झाली होती!

कंपनी म्हणते, टायरमध्ये दोष नाही. हवा कमी आणि वजन जास्त झाले की धोका होतो. असेलही. पण आपला माल कोणत्या गाडीखाली जातो, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. ते ठाऊक असून गप्प बसणे, हाच खरा ऐब.

आम्ही कापडवाले. कच्च्या रंगाचे थान 'पहिल्या धुण्यात रंग जाईल' असे सांगून विकले, तर गिऱ्हाईक भाव पाडते, पण पुन्हा दुकानाची पायरी चढते. न सांगता विकले, तर ते जातेच, शिवाय चार शेजाऱ्यांनाही घेऊन जाते. कापडाचा रंग गेला तर पैसे परत देता येतात. टायरने घेतलेला जीव कोणत्या पेढीवरून परत आणणार?

आपल्याकडे सदोष वाहने व सुटे भाग परत बोलावण्याची तरतूद 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने आली आणि तिचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. पण माल परत बोलवायचा, तर तो कुणाकडे गेला हे आधी ठाऊक हवे. म्हणून टायर, गॅसची शेगडी, विजेचे सामान विकणाऱ्या बांधवांना आमचे सांगणे आहे: बिलावर गिऱ्हाईकाचा पत्ता आणि मालाचा लॉट नंबर लिहा. शाईचे दोन थेंब जास्त जातील, एवढेच.