सदोष घराचा भार एकट्यावर नको

सुरतच्या सचिन-पाली भागात ६ जुलै २०२४ रोजी सहा मजली इमारत कोसळून सात जणांचा बळी गेला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. ‘रेरा’ या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांत आढळलेला बांधकामदोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, त्यानंतर मात्र घरमालक एकटा पडतो. अशा घरमालकांना सरकार आधार देऊ शकते; ब्रिटनने १९८४ मध्ये तसा कायदा केला. सरकारी मालकीची सदोष प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतलेल्या) काँक्रीटची घरे विकत घेतलेल्यांना दुरुस्तीसाठी साधारण ९० टक्के अनुदान किंवा घराची फेरखरेदी, असा हक्क त्याने दिला. आता आपल्याकडेही सरकारी योजनांत प्रीकास्ट घरे उभी राहत आहेत. म्हणून गुजरात सरकारने नियमित संरचना तपासणी, दुरुस्ती निधी आणि पर्यायी निवारा यांची कायदेशीर हमी द्यावी. कष्टकऱ्यांची जन्माची पुंजी घरातच असते; तिचे रक्षण हे सरकारचे कर्तव्यच आहे.