रस्ता बंद आहे, पण दिसतो का?



ओढ्यावरची फरशी खचली की गावातली पोरं लगोलग रस्त्यात दोन दगड आणि बाभळीची फांदी टाकतात. काम चांगल्या मनाचं. पण गाडीवाल्याला ते कसं दिसतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. एका संध्याकाळी मोटारसायकलवरून परतत होतो. रोजचा रस्ता. दगड दिसले, पण कडेला वीतभर वाट मोकळी होती आणि तिथून कुणाचं तरी चाक गेलेलं होतं. घातली गाडी! बांधावरून एक आजी ओरडल्या, "आरं बाबा, म्होरं फरशी न्हाई!" म्हणून हे लिहायला राहिलो.

ओळखीच्या रस्त्यावर माणूस डोळ्यांपेक्षा सवयीने गाडी चालवतो. फट दिसली की त्याला वाटतं, कडेने जायचं आहे. रात्री तर ओला दगड डांबरात मिसळून जातो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पळते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर सरतं, पुढचं घसरणं निराळं.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. त्या गाड्यांआधी रस्ता अडवायला वेळ मिळाला नाही. आपल्या ओढ्यावर बहुधा मिळतो.

तेव्हा पहिली खूण ओढ्यापाशी नको, फाट्यावर करा. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ओढ्याच्या काठावर मागे घेऊन दाखवा बरं! इतकं आत आलेला माणूस मग "जाऊ दे, बघू" म्हणतो. फाट्यावर फलक असला तर तो मुकाट्याने दुसरा रस्ता धरतो. फरशीच्या अलीकडे या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा बांबू बांधा आणि त्यावर रिफ्लेक्टरची लाल-पांढरी पट्टी चिकटवा. ट्रॉलीला लावतो तसलीच. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना कळवायचं ते आहेच.

आणखी एक. फरशी दुरुस्त झाली की अडसर त्याच दिवशी काढा. आमच्या भागात एके ठिकाणी काम संपल्यावरही पिंपं दिवाळीपर्यंत रस्त्यात उभी होती. लोक कडेने जायला शिकले. पुढच्या पावसाळ्यात रस्ता खरोखरच बंद होता, तेव्हाही एक ट्रॅक्टर तसाच कडेने गेला. माणसं वाचली, ट्रॉलीतला कांदा सगळा वाहून गेला.

बांबू आणि पट्टी पावसाआधीच आणून देवळाच्या ओसरीत ठेवा. ऐन वेळी रात्री कोण कुठे शोधणार?