गुलाबाची कीड आणि आपली घाई

वैशाखातले ऊन माळव्यात उतरले, की उज्जैनच्या परसबागांतले गुलाब किडीने बेजार होतात. एखादे पान कुरतडलेले दिसले की बाजारातून औषधाची बाटली येते आणि तिन्हीसांजेला सगळ्या ताटव्यावर फवारा उडतो. कीड कोणती, हे पाहायला मात्र कोणी वाकत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आधी वाकून पाहावे.

पानाच्या कडेचे गोल तुकडे कात्रीने कापल्यासारखे गेले असतील, तर ते काम एका जातीच्या मधमाशीचे. ती त्यांचे घरट्याला अस्तर लावते. झाडाचे त्यात फारसे बिघडत नाही. उमलण्याआधीच पाकळ्यांच्या कडा करपल्या, तर फुलकिडे समजावेत. अशा कळ्या खुडून नष्ट कराव्यात. पानावर फिके ठिपके आणि खाली बारीक जाळे दिसले, तर तो लाल कोळी. हा आठ पायांचा जीव कोरड्या उन्हात फोफावतो. सरसकट विष मारले की त्याला खाणारे जीवच आधी मरतात आणि त्याचे रान मोकळे होते. सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याची जोरदार धार मारणे, हा त्यावरचा पहिला उपाय.

शिवाय शिंदेशाहीपासून येथे नांदणाऱ्या आपल्या घरांत गुलाब केवळ शोभेचा नाही. तो देवघरात जातो, महाकालाला वाहिला जातो. देशी गुलाबाचा गुलकंद मुलांच्या हातावर पडतो. गुलकंद शिजवत नाहीत, उन्हात मुरवतात. पाकळीवर उडालेले विष मग जाणार कोठे? शेतीतील डी.डी.टी.वर सरकारने १९८९ साली बंदी घातली. त्याआधी तीही निर्धोक म्हणूनच विकली जात होती.

आपल्या दारचा कडुनिंब काय वाईट आहे? निंबोळीच्या पाण्याने टोळांपासून पीक राखता येते, हे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ साली दाखवून दिले. वाळल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारावी. हा उपाय बाटलीइतका झटपट नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावा लागतो. पण देवाला वाहायच्या आणि मुलांनी खायच्या फुलासाठी एवढा खटाटोप जड वाटू नये. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्यांचा सडा पडेल, तेव्हा वेचून वाळवून ठेवाव्यात. पुढच्या उन्हाळ्याची सोय होईल.