ट्रॉलीची साखळी शोभेला नसते, राजेहो!

राजेहो, आज स्पष्टच बोलतो. कोणाला राग आला तर येऊ द्या.

कळमना मार्केटला संत्री नेणारी, उमरेड रोडनं विटा वाहणारी, उन्हाळ्यात वस्तीत पाण्याचं टँकर ओढणारी, कुठलीही ट्रॅक्टर-ट्रॉली उभी दिसली की ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये जरा वाकून पाहा. टनांनी माल एका लोखंडी पिनवर ओढला जाऊन राहिला. त्या पिनला कधी क्लिप नसते, कधी पिनच्या जागी सळईचा तुकडा असतो. आणि साखळी? असली तर दांडीला गुंडाळलेली, नाहीतर त्याच पिनमध्ये अडकवलेली. म्हणजे पिन निघाली की साखळीही गेली. मग लावली कशाला?

"आम्ही हळूच चालवतो, काही होत नाही." हे उत्तर मला मान्य नाही. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त भरला की दांडी वर उचलते, खड्ड्यात पिनला झटके बसतात. उड्डाणपुलाच्या चढावर सुटलेली ट्रॉली उलटी खाली येते, आणि ब्रेक तर ट्रॅक्टरला असतो! मागे असतो शाळेतून पोरगी घेऊन येणारा स्कूटीवाला.

बरोबर पद्धत काही अवघड नाही. साखळ्या दोन. दांडीच्या खालून एकमेकींना फुली मारून न्यायच्या, म्हणजे दांडी सुटली तरी रस्त्यावर न आपटता झोळीत पडल्यासारखी साखळीवर अडते. हूक ट्रॅक्टरच्या मजबूत भागाला, पिनला नाही. वळण घेता येईल इतकी ढील, पण रस्त्याला घासू नये. आणि ताकद रिकाम्या नाही, भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाची. तार, दोर, नट-बोल्टचा जोड चालणार नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. ती स्वतंत्र वाहन आहे. मग अपघात झाला की फक्त ड्रायव्हरच्या नावानं बोंब का? रोजीवर चालवणारा माणूस साखळी विकत घेईल का? ती मालकानं द्यायची.

"शेतकऱ्यावर अजून एक खर्च?" शेतकरी स्वतः त्याच ट्रॅक्टरवर बसतो ना भाऊ! ही साखळी त्याच्यासाठीही आहे.

आरटीओ आणि ट्रॅफिक पोलिसांना एकच सांगणं: हेल्मेट पाहता तसं ट्रॉलीच्या मध्येही पाहा. वीटभट्टीवर, रेतीघाटावर, मार्केटच्या गेटवर एकच नियम लावा, साखळी नाही तर माल नाही.

आणि तुमच्या घरी बांधकाम सुरू असेल तर गिट्टी-रेतीवाल्याला आधी साखळी दाखवायला सांगा. नसेल तर ट्रॉली परत पाठवा.