नवोदयचे राहिलेले अर्धे वचन

हिवाळा सुरू झाला की परभणी जिल्ह्यातील खेडोपाडीच्या पाचवीच्या वर्गांना नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचे वेध लागतात. ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तासांचा अवधी. एका विद्यालयात सहावीच्या वर्गात अधिकात अधिक ८० मुलांना प्रवेश मिळतो आणि या परीक्षेला मुलाला एकदाच बसता येते. बसमतच्या नवोदय विद्यालयाचे नाव या भागातील पालकांना जुने परिचयाचे आहे. बसमत १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. गावची जिल्हा परिषदेची शाळा की दूरचे निवासी विद्यालय, हा निर्णय अशा रीतीने दहा-अकरा वर्षांच्या वयात होऊन जातो.

ज्याची निवड झाली त्याच्या घरी हा निर्णय अवघड नसतो. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांची सोय सरकार करते. सहावी ते आठवी फीही नाही. पालम किंवा जिंतूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने ही संधी घेतली तर त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. शेजारशाळेच्या तत्त्वापायी मुलाचे भवितव्य पणास लावा, असे त्यास सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्यांची स्वतःची मुले शहरातील महागड्या शाळांत शिकतात, त्यांना तर तो मुळीच नाही. तेव्हा प्रश्न पालकाच्या निवडीचा नसून ही निवड त्याच्यापुढे ठेवणाऱ्या शासनाच्या धोरणाचा आहे.

या धोरणात दोन विचारप्रवाह आहेत. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारशाळेचा पुरस्कार केला. परिसरातील सर्व मुलांनी, जातपात व ऐपत न पाहता, एकाच शाळेत शिकावे, हे त्याचे सूत्र. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते. दुसरा विचार हुशार मुले वेचून काढण्याचा. महाराष्ट्राने औरंगाबाद, पुसेगाव आदी ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने काढली ती याच विचाराने. १९८५-८६ मध्ये झज्जर व अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यांस देशव्यापी रूप दिले.

नवोदयच्या कल्पनेत मुळात दोन वचने होती. गरिबीमुळे ग्रामीण भागातील बुद्धिमान मूल मागे राहू नये, हे पहिले. हे विद्यालय परिसरातील शाळांना गती देणारे केंद्र व्हावे, आपला अनुभव व साधने यांचा लाभ त्यांना द्यावा, हे दुसरे. पहिले वचन बऱ्याच अंशी पाळले गेले. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांना व एकतृतीयांश जागा मुलींना मिळतात. शेतमजुरांची मुले अभियंते, डॉक्टर झाली. दुसऱ्या वचनाचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. नवोदयचे मोजमाप बोर्डाच्या निकालावरून होते. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतील विज्ञानाचे अध्यापन त्यामुळे सुधारले काय, हे विचारले जात नाही.

पहिल्या वचनातही एक मोठी फट आहे. परीक्षेचे निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे. ही चाचणी सरावाने सुधारते आणि सराव करून घेणारे खाजगी वर्ग पैसे घेतात. परीक्षा होते डिसेंबर-जानेवारीत. ऐन त्याच काळात गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतील ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या फडांवर असतात आणि अनेक मुले त्यांच्यासोबत जातात. मूल पाचवीत त्याच जिल्ह्यातील शाळेत शिकत असले पाहिजे, असा नियम आहे. फडावर भाऊबहिणींना सांभाळणाऱ्या मुलीची बुद्धी मग कोणी आणि कधी तपासावयाची?

मराठवाड्याला शेजारशाळेचा विचार परका नाही. निजामी राजवटीत उर्दू माध्यमाचा अंमल असताना सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या शाळा लोकांनी उभ्या केल्या. त्या साऱ्या गावासाठी होत्या, मूठभर निवडक मुलांसाठी नव्हत्या. आज गावातील जागरूक पालकाचे मूल शाळेतून गेले की शिक्षक का येत नाहीत, असे विचारणारा आवाजही जातो. अर्थात ८० मुलांनी जिल्ह्याच्या शाळा ओस पडत नाहीत. इंग्रजी शाळांकडील ओढ त्याहून कितीतरी मोठी आहे. परंतु हुशार मुलांची सोय झाली, आता बाकीच्यांचे पाहू, ही वृत्ती शासनात मुरते आणि बाकीच्यांचे पाहावयाचे राहूनच जाते. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा समूहशाळांत मिळविण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, त्यामागे ही वृत्ती नाही असे म्हणवत नाही.

यावर उपाय नवोदय बंद करणे हा नव्हे. नवोदयच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय व शिक्षक आसपासच्या शाळांच्या उपयोगी पडावेत, हे त्याच्या कामाचे बंधनकारक अंग व्हावे. शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने मांडली व २०२० च्या धोरणाने पुन्हा सांगितली. तिच्या केंद्रस्थानी नवोदय सहज बसू शकेल. स्थलांतरित मुलास परीक्षा जेथे तो असेल तेथे देता यावी. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. २००८ पासून चालू असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती नववी ते बारावीच्या मुलांना वर्षास १२,००० रुपये देते आणि मूल सरकारी वा अनुदानित शाळेतच राहते. हीच मदत सहावीपासून, अधिक मुलांना दिल्यास हुशारीला गाव सोडावाच लागेल असे नाही.

एका परीक्षेच्या जोरावर ८० मुलांना उत्तम शाळा देता येते, हे नवोदयने सिद्ध केले आहे. तीच शाळा उरलेल्या मुलांना का देता येत नाही, याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. ते मिळत नाही तोवर नवोदयचे यश हे शेजारच्या शाळेवरील आरोपपत्रच ठरेल.