वाट चुकलेले कबुतर दारी आले तर



वादळी पावसानंतर किंवा कडक उन्हाच्या दिवसांत एखादे परके कबुतर अंगणात उतरते. माणसाला फारसे भीत नाही, कोंबड्यांत मिसळून दाणे टिपू लागते. अशा वेळी कोणी त्याचा रस्सा करतो, कोणी पंख कापून त्याला घरचे करतो, तर कोणी अशुभ म्हणून हाकलून देतो. आमच्या मते या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी त्याचे पाय पाहा. पायात कडी असेल तर तो रानातला पारवा नव्हे, कोणाचे तरी पाळलेले पाखरू आहे. पिल्लू आठवडाभराचे असतानाच ही कडी घालतात. पाय वाढल्यावर ती निघत नाही. शर्यतीची कबुतरे शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडतात व ती आपल्या घराकडे उडत जातात. पाऊस, ससाणा किंवा थकवा यांमुळे एखादे मागे राहते.

परका बैल भरकटून आपल्या शेतात आला तर आपण त्याला बांधतो, चारापाणी करतो, धन्याला निरोप धाडतो. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात हेच सांगितले आहे: धनी दूर असेल किंवा ठाऊक नसेल, तर जनावर घरी सांभाळावे आणि तो शोधीत आला की परत द्यावे. कबुतर लहान आहे म्हणून ही आज्ञा लहान होत नाही.

लोभ नको, तसा नुसता संशयही नको. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या पीर पाव जेट्टीवर एक कबुतर सापडले. पायांत कड्या होत्या आणि पंखांवर चिनी वाटणारी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या इस्पितळात ठेवले. ते तैवानचे शर्यतीचे कबुतर असल्याचे कळूनही सुटका व्हायला जानेवारी २०२४ उजाडला. आठ महिने! पायाला काही यंत्र बांधलेले दिसले तर पोलिसांना जरूर कळवावे. पण चौकशी लवकर संपावी आणि मुक्या पाखराला पिंजऱ्यात विसरू नये.

आता करायचे काय ते सांगतो. हलक्या हाताने त्यावर पंचा टाकून धरावे व कोरड्या, हवेशीर डालग्याखाली मांजरापासून जपून ठेवावे. कबुतर चोच बुडवून पाणी ओढते, म्हणून वाटी खोल हवी. चोचीत पाणी ओतू नये. ज्वारी, मका, मूग असे कोरडे दाणे द्यावेत. भात, भाकरी, दूध नको. कडीवरची अक्षरे, वर्ष, क्रमांक जसेच्या तसे लिहून घ्यावेत व मोबाईलवर फोटो काढावा. कधी पंखावर शाईने धन्याचा फोन नंबर उमटवलेला असतो, तोही पाहावा. धनी सापडला तर तो सांगेल तसे करावे. न सापडल्यास एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, आभाळ निरभ्र असेल त्या सकाळी, मोकळ्या जागी सोडावे. जखमी असेल तर गुरांच्या दवाखान्यात न्यावे.

आरोग्याचीही काळजी घ्यावी. परके कबुतर कोंबड्यांत मुळीच सोडू नये. मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लक्षणे असू शकतात. हा रोग कोंबड्यांना लागला तर खुराडे रिकामे होते. कोंबड्यांना राणीखेतची लस वेळेवर टोचून घ्यावी. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपाय करते. म्हणून आधी पाणी शिंपडावे, नाकाला फडके बांधावे, मगच झाडावे. हात साबणाने धुवावेत. दमेकऱ्यांनी व लहान मुलांनी दूर राहावे.

मूठभर ज्वारी आणि दोन दिवस, एवढाच हा खर्च आहे. बोथच्या कोणत्याही अंगणाला तो जड होणार नाही, आणि दूर कोठेतरी माळवदावर आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला त्याचे पाखरू परत मिळेल.